चिचीजिमावरील एक उड्डाण आणि त्याची तीन कथने

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या नौदलाने शाळा-महाविद्यालयांतून आलेल्या हजारो तरुणांना वैमानिक बनविले. त्यांतील बहुतेकांची युद्धसेवा त्यांच्या तुकडीच्या दप्तराबाहेर कोणास ठाऊक झाली नाही, आणि होण्याचे कारणही नव्हते. एका तरुणाच्या बाबतीत मात्र निराळे घडले. जॉर्ज हर्बर्ट वॉकर बुश हे १९८९ ते १९९३ या काळात अमेरिकेचे अध्यक्ष होते. त्यांच्या राजकीय कर्तृत्वाशी प्रस्तुत लेखास कर्तव्य नाही. परंतु ते पुढे अध्यक्ष झाले म्हणून त्यांच्या ऐन तारुण्यातील तीन वर्षांची कागदपत्रे, पत्रे, छायाचित्रे आणि सहकाऱ्यांच्या आठवणी यांची फार बारकाईने तपासणी झाली. नौवैमानिकाची युद्धसेवा म्हणजे नेमके काय असते, आणि तिच्याविषयी आपणांस खात्रीने काय सांगता येते, हे पाहावयाचे असल्यास हे उदाहरण म्हणूनच फार सोयीचे आहे.

ज्या घटनेभोवती हा पुरावा गोळा झाला आहे ती थोडक्यात अशी. २ सप्टेंबर १९४४ रोजी पॅसिफिक महासागरातील चिचीजिमा या जपानी बेटावर हल्ला करीत असता बुश यांच्या विमानास विमानवेधी तोफेचा मारा लागला. विमानात तिघे होते. वैमानिक वाचला, मागे बसलेले दोघे वाचले नाहीत. वीस वर्षांच्या त्या वैमानिकाने त्या दोघांसाठी जे करणे शक्य होते ते केले की नाही, हा प्रश्न त्या दिवसापासून आजवर अधूनमधून विचारला गेला आहे. प्रश्न नैतिक आहे यात शंका नाही. परंतु त्याला हात घालण्यापूर्वी दोन पोटप्रश्न सोडवावे लागतात. शक्य काय होते, हा पहिला. तो यंत्ररचनेचा आणि शिक्षणक्रमाचा आहे. घडले काय, हा दुसरा. तो पुराव्याचा आहे. वादाच्या भरात लोक एकदम दुसऱ्याकडे धावतात आणि पहिला तसाच राहून जातो. येथे क्रम उलटा ठेविला आहे.

बुश यांचा जन्म १२ जून १९२४ चा. पर्ल हार्बरवर ७ डिसेंबर १९४१ रोजी हल्ला झाला तेव्हा ते मॅसॅच्युसेट्स राज्यातील अँडोव्हर येथे निवासी शाळेत शिकत होते. पुढील जूनमध्ये शाळेच्या समारोपाच्या समारंभास युद्धमंत्री हेन्री स्टिम्सन आले होते. मुलांनी सैन्यात जाण्याची घाई न करता आधी महाविद्यालयीन शिक्षण घ्यावे, असा सल्ला त्यांनी दिला. बुश यांनी तो मानला नाही. ज्या दिवशी अठरावे वर्ष पूर्ण झाले त्याच दिवशी, म्हणजे १२ जून १९४२ रोजी, त्यांनी बॉस्टन येथे नौदलात दुय्यम श्रेणीचा खलाशी म्हणून नाव नोंदविले. उमेदवार वैमानिकाने महाविद्यालयाची दोन वर्षे पुरी केलेली असावीत, ही जुनी अट नौदलाने युद्धाच्या गरजेपोटी त्यापूर्वी काही महिने शिथिल केली होती. ती तशी झाली नसती तर शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलास विमानाच्या जवळपासही कोणी येऊ दिले नसते.

शिक्षणाचा आरंभ विमानापासून होत नसे. नॉर्थ कॅरोलायनातील चॅपेल हिल येथील विद्यापीठाच्या आवारात नौदलाने पूर्वशिक्षणाची शाळा उघडली होती. तेथे कवायत, पोहणे, मैदानी खेळ, नौकानयनाचे गणित, बिनतारी संदेशांची लिपी आणि शत्रूची विमाने आकारावरून ओळखणे एवढेच शिकविले जाई. त्यानंतर मिनिआपोलिस येथे हिवाळ्यात, बर्फाने झाकलेल्या धावपट्टीवरून, उघड्या बैठकीच्या दुपंखी विमानांवर पहिली उड्डाणे झाली. आणि मग टेक्सासमधील कॉर्पस क्रिस्टी येथे पुढील शिक्षण. ९ जून १९४३ रोजी, एकोणिसावे वर्ष पुरे होण्यास तीन दिवस उरले असता, बुश यांना नौदलाच्या राखीव दलात एन्साइन हा अधिकाऱ्याचा सर्वांत खालचा हुद्दा व वैमानिकाचे पंख मिळाले. भरतीपासून येथवर एक वर्ष गेले. प्रत्यक्ष लढाईत उतरण्यास आणखी अकरा महिने लागले.

हा काळ लांबलचक वाटतो, आणि त्यातच पॅसिफिक युद्धाच्या निकालाचे एक मोठे कारण दडलेले आहे. जपानी नौदलाने युद्धापूर्वी अत्यंत निवडक असे थोडे वैमानिक तयार केले होते. ते जगातील कोणत्याही नौदलाच्या वैमानिकांच्या तोडीचे होते, कदाचित सरसही. परंतु ते खर्ची पडू लागल्यावर त्यांची जागा घेण्याजोगी मागची फळी तयार नव्हती; इंधनाची टंचाई आणि घाई यांमुळे १९४४ साली काही महिन्यांच्या शिक्षणावर मुले जहाजांवर पाठवावी लागली. अमेरिकेने उलट पद्धत स्वीकारली. अनुभवी वैमानिकांना लढाईतून वेळच्या वेळी परत आणून शिक्षक केले आणि नवशिक्यांना पुरेसे तास उडू दिले. बुश यांच्यासारखा मुलगा असामान्य होता म्हणून नव्हे, तर सामान्य मुलास भरवशाचा वैमानिक करण्याची व्यवस्था उभी होती म्हणून तो १९४४ च्या उन्हाळ्यात तेथे पोहोचला.

या व्यवस्थेचा सर्वांत नमुनेदार भाग मिशिगन सरोवरात पाहावयास मिळे. विमानवाहू जहाजावर उतरण्याचा सराव खऱ्या जहाजावर करावयाचा तर लढाईतील जहाज अडकून पडते, आणि किनाऱ्यालगतच्या समुद्रात जर्मन पाणबुड्यांचे भय. म्हणून नौदलाने सरोवरात सहलीचे प्रवासी नेणाऱ्या दोन जुन्या चाकांच्या आगबोटी विकत घेतल्या, त्यांवरचे मजले उतरविले आणि सपाट फलाट बसविला. एकीचे नाव वुल्व्हरीन, दुसरीचे सेबल. बाजूची चाके फिरवीत, कोळशाचा धूर सोडीत शिकागोच्या समोर फेऱ्या घालणारी ही जगातील सर्वांत विक्षिप्त विमानवाहू जहाजे होत. त्यांच्यावर विमाने ठेवण्यास तळघर नव्हते. वारा पडला तर उतरण्यास लागणारा वेग त्यांना गाठता येत नसे आणि तो दिवस फुकट जाई. तरीही युद्ध संपेपर्यंत सतरा हजारांहून अधिक वैमानिकांनी येथे उतरण्याची परीक्षा दिली. ऑगस्ट १९४३ मध्ये बुश सेबलवर उतरले.

उतरणे म्हणजे काय, हे थोडे सांगितले पाहिजे. फलाटाच्या मागील टोकाशी हातात रंगीत फळ्या घेतलेला एक अधिकारी उभा असे. विमान वर आहे की खाली, वेगात आहे की मंद, हे तो हातांच्या खुणांनी सांगे, आणि अखेरच्या क्षणी इंजिन बंद करण्याचा इशारा देई. त्या इशाऱ्यावर स्वतःची बुद्धी न चालविता इंजिन बंद करावयाचे आणि शेपटीखालचा आकडा फलाटावर आडव्या ताणलेल्या पोलादी दोरांपैकी एकात अडकू द्यावयाचा. फेर धरण्याची खूण झाली तर ती मोडण्याचा अधिकार वैमानिकास नव्हता. एकट्याने उडणाऱ्या मनुष्याने दुसऱ्याच्या हातवाऱ्यावर इतका पूर्ण विश्वास टाकावा, ही सवय अंगी बाणविणे हाच या सर्व सरावाचा हेतू होता. हा विश्वास उलट दिशेनेही असावा लागे, हे विमानाच्या रचनेवरून कळते.

बुश यांच्या वाट्यास आलेले विमान म्हणजे ग्रुमन कंपनीने आखलेले ॲव्हेंजर. त्यांपैकी बरीचशी जनरल मोटर्सच्या कारखान्यांत तयार होत. पाणतीर टाकण्यासाठी योजिलेले हे एकपंखी विमान एक इंजिन असलेल्या विमानांत त्या काळी अत्यंत जड गणले जाई. पंखांचा पसारा ५४ फूट. भरलेल्या विमानाचे वजन १६,००० पौंडांच्या आसपास. पंख मिटून घेता येत, म्हणून जहाजाच्या पोटात त्याची सोय होई. जून १९४२ मध्ये मिडवेच्या लढाईत हे विमान प्रथम उतरले तेव्हा सहांपैकी पाच परत आली नाहीत. तरीही पुढील तीन वर्षांत नौदलाचे सर्वांत उपयोगी बाँबफेकी विमान तेच ठरले. १९४४ मध्ये पाणतिराऐवजी त्याच्या पोटात बहुधा ५०० पौंडांचे चार बाँब असत.

त्यात तिघे बसत, पण एकत्र बसत नसत. पुढे उंचावर वैमानिक एकटा. पाठीवरील काचेच्या फिरत्या बुरुजात मागे तोंड करून बसलेला तोफची. आणि त्याच्याही खाली, विमानाच्या पोटात, बिनतारी यंत्र सांभाळणारा. वैमानिकास मागचे दोघे दिसत नसत. त्यांच्याशी बोलण्याचे साधन म्हणजे विमानातील अंतर्गत दूरध्वनी. वैमानिकाची हवाई छत्री त्याच्या बैठकीखालीच असे. छत सरकविले की तो उडी टाकू शके. बुरुज मात्र इतका अरुंद होता की तोफचीस छत्री बांधून तेथे बसता येत नसे. विमान सोडावयाचे तर त्याने बुरुजातून खाली उतरावयाचे, लटकवून ठेवलेली छत्री काढून छातीवर अडकवावयाची, उजव्या बाजूचे दार ढकलून टाकावयाचे आणि मग बाहेर पडावयाचे. विमान सरळ वेगात असता वाऱ्याचा झोत त्या दारावर दाबून बसे. म्हणजे एकाच क्षणी उडी टाकण्याचा हुकूम मिळाला तरी तिघांना लागणारा वेळ एकसारखा नव्हता. ही गोष्ट कोणाच्या शौर्यावर वा भित्रेपणावर अवलंबून नव्हती. ती आराखड्यातच होती.

बुश ज्या तुकडीत दाखल झाले तिचा क्रमांक ५१, आणि तिचे जहाज सॅन हॅसिंटो. क्रूझर जहाजांसाठी घातलेल्या सांगाड्यांवर घाईने फलाट चढवून जी नऊ हलकी विमानवाहू जहाजे अमेरिकेने केली त्यांपैकी हे एक. लांबी ६२२ फूट, फलाट अरुंद. सुमारे चोवीस लढाऊ विमाने आणि नऊ ॲव्हेंजर एवढाच त्याचा हवाई परिवार. मे १९४४ मध्ये वेक आणि मार्कस या बेटांवरील हल्ल्यांपासून तुकडीची लढाई सुरू झाली. तुकडीत बुश यांच्याकडे हवाई छायाचित्रणाचेही काम होते. त्यांचे नेहमीचे सोबती दोघे: बिनतारी यंत्रावर जॉन डिलेनी आणि बुरुजात लिओ नेडो.

१९ जून १९४४ रोजी मारियाना बेटांजवळ जी प्रचंड हवाई लढाई झाली तिच्यात जपानने एका दिवसात तीनशेच्या वर विमाने गमावली. त्या दिवशी बुश यांच्या इंजिनातील तेलाचा दाब गेला आणि विमान समुद्रावर उतरवावे लागले. उतरण्याची ही क्रिया शिकविलेली होती, पण सरावाची नव्हती. लाटेच्या कोनात जराशी चूक झाली तर जड विमान नाकावर उलटते. तसे झाले नाही. बुश, डिलेनी व नेडो रबरी होडीत उतरले आणि क्लॅरन्स के. ब्रॉन्सन या विनाशिकेने त्यांना उचलून घेतले. ही घटना बहुतेक चरित्रांत एका वाक्यात उरकलेली असते. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने मात्र ती महत्त्वाची आहे, कारण तिसऱ्या कथनाचा सारा जोर पुढे तिच्यावरच येतो.

आता २ सप्टेंबर. चिचीजिमा हे ओगासावारा द्वीपसमूहातील बेट इवोजिमाच्या उत्तरेस सुमारे १५० मैलांवर आहे. तेथील डोंगरावर जपानी नौदलाची बिनतारी संदेशाची ठाणी होती. अमेरिकी हालचालींच्या वार्ता तेथून टोकिओस जात. सभोवारच्या उंचवट्यांवर तोफा मोक्याने बसविलेल्या होत्या. सकाळी सॅन हॅसिंटोवरून चार ॲव्हेंजर निघाले. नेडोच्या जागी त्या दिवशी विल्यम व्हाइट हे अधिकारी बसले होते. जहाजावरील शस्त्रास्त्रांशी त्यांचा संबंध होता आणि प्रत्यक्ष उड्डाणात एकदा जाऊन पाहण्याची त्यांची इच्छा होती. तुकडीनायकांच्या अनुज्ञेने ती मान्य झाली. झेप घेत असता बुश यांच्या विमानास मारा लागला. त्यांनी झेप न सोडता चारही बाँब ठाण्यावर टाकले आणि विमान समुद्राकडे वळविले. किनाऱ्यापासून काही मैलांवर त्यांनी उडी टाकली. उडी टाकताना डोके शेपटीवर आदळले आणि छत्रीही फाटली. तरी ते पाण्यात सुखरूप पडले आणि रबरी होडीवर चढले. होडीस वल्हे नव्हते. हातांनी पाणी मागे सारीत बेटापासून दूर जावयाचे, आणि वारा तर बेटाकडे ढकलीत होता. बेटावरून निघालेल्या होड्यांवर अमेरिकी लढाऊ विमानांनी गोळ्या झाडून त्यांना परतविले. एका सहकारी वैमानिकाने वरून औषधांची पिशवी टाकली.

काही तासांनी फिनबॅक ही पाणबुडी वर आली आणि तिने बुश यांना उचलले. हा दैवयोग नव्हता. १९४३ च्या अखेरीपासून प्रत्येक मोठ्या हवाई हल्ल्याच्या वेळी ठरलेल्या जागी पाणबुड्या उभ्या ठेवण्याची योजना पॅसिफिकमधील पाणबुडी-दलाने सुरू केली होती. युद्ध संपेपर्यंत पाणबुड्यांनी ५०४ वैमानिक व सहकारी समुद्रातून वर काढले. पडलो तर कोणी शोधील, एवढ्या जाणिवेने मनुष्य किती निराळ्या वृत्तीने लढतो, याचा विचार युद्धेतिहासकारांनी अधिक करावयास हवा. जपानी वैमानिकांसाठी या तोडीची व्यवस्था नव्हती. फिनबॅकवरील एकाने बुश यांना वर ओढून घेण्याचे चित्रण केले; तो चित्रपटाचा तुकडा पुढे १९८८ च्या निवडणूक-प्रचारात दाखविला गेला. फिनबॅकची गस्त चालूच असल्याने बुश यांना सुमारे महिनाभर तिच्यावरच राहावे लागले.

या एका महिन्याला पुराव्याच्या दृष्टीने फार मोल आहे. कै. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत बखरींची झाडाझडती घेतली, ती आपल्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांस परिचित आहे. घटनेच्या दिवशीचे पत्र आणि पुष्कळ वर्षांनी रचलेली कथा यांत भेद करावा, आणि दोन कागद एकच गोष्ट सांगत असतील तर ते एकमेकांवरून उतरविले आहेत की स्वतंत्र आहेत हे आधी पाहावे, हा तेथला धडा. पेशव्यांच्या दप्तराइतकाच तो विसाव्या शतकातील नौदलाच्या कागदांसही लागू पडतो.

पहिले कथन तुकडीच्या अहवालाचे. हल्ल्यानंतर परतलेल्या वैमानिकांस विचारून तुकडीच्या अधिकाऱ्यांनी तो तयार केला. बुश यांच्या इंजिनास धूर व ज्वाला यांनी वेढले होते, आग मागे पसरत होती, विमान उंची गमावीत होते आणि सुमारे ३,००० फुटांवरून बुश व आणखी एक जण अशा दोघांनी उडी टाकलेली दिसली. दुसऱ्याची छत्री उघडली नाही, असे त्यात म्हटले आहे. तो दुसरा डिलेनी की व्हाइट, हे अहवालात नाही. येथे मुख्य गोष्ट ही की, अहवाल झाला तेव्हा बुश जहाजावर नव्हते. ते फिनबॅकच्या पोटात होते. त्यांनी आपल्या सोयीने काही सांगून अहवालात घातले, ही शंका त्यामुळे उरत नाही.

दुसरे कथन बुश यांच्या पत्राचे. ते त्यांनी दुसऱ्याच दिवशी, ३ सप्टेंबर रोजी, पाणबुडीवरून आईवडिलांस लिहिले. १९९९ साली त्यांच्या पत्रसंग्रहात ते प्रसिद्ध झाले. विमान धुराने भरले, मागच्यांस छत्र्या बांधण्यास सांगितले, दारावरील वाऱ्याचा दाब कमी व्हावा म्हणून विमान कलते धरले, आणि ते बाहेर पडत आहेत अशा समजुतीने मग स्वतः उडी टाकली, असे ते सांगतात. नंतर त्या दोघांचा मागमूस दिसला नाही. वरची विमाने त्यांना शोधीत नाहीत असे पाहून ते बाहेर पडलेच नसावेत असे त्यांनी अनुमान केले. होडीत आपण रडलो, आणि त्यांच्या मरणाची जबाबदारी आपल्यावर आहे असे वाटते, हेही त्यांनी लपविले नाही.

दोन्ही कथनांत आग व धूर आहे; मात्र दुसऱ्या मनुष्याची उडी फक्त अहवालात आहे, पत्रात नाही. दोन कागदांतील ही विसंगती वरवर पाहता पुरावा दुबळा करते. वस्तुतः तिच्यामुळे तो बळकट होतो. पत्र लिहिणाऱ्याने अहवाल पाहिला नव्हता आणि अहवाल लिहिणाऱ्यांस पत्राची कल्पना नव्हती, हे तीवरून सिद्ध होते. आणि विशेष म्हणजे वैमानिकाचे स्वतःचे कथन अहवालापेक्षा त्यालाच अधिक प्रतिकूल आहे. आपला बचाव रचणारा मनुष्य सहसा असे लिहीत नाही. दारावरील दाब कमी करण्यासाठी विमान कलते धरल्याचा उल्लेखही बोलका आहे. ज्यास मागच्या दाराची अडचण ठाऊक होती आणि त्या क्षणी आठवली, त्यालाच ते सुचेल.

तिसरे कथन ऑगस्ट १९८८ मधील आहे. अध्यक्षपदाची निवडणूक तोंडावर आली असता, तुकडीनायकांच्या विमानात बुरुजात बसलेल्या तोफचीने वृत्तपत्रास आपली आठवण सांगितली. त्याच्या म्हणण्याप्रमाणे धुराचा केवळ एक लोट दिसला, आग नव्हती. एकटाच मनुष्य बाहेर पडला. आणि विमान पाण्यावर उतरविले असते तर तिघेही कदाचित वाचले असते. वर्तमानपत्री गाजावाजा झाला म्हणून हे कथन बाजूस सारता येणार नाही. तोफचीचे तोंड मागे असते. पुढील विमानाच्या बुरुजातून मागचे विमान जितके स्पष्ट दिसते तितके इतर कोणासही दिसत नाही. पाण्यावर उतरण्याची गोष्टही अशक्य कोटीतील नव्हती. अकरा आठवड्यांपूर्वी याच वैमानिकाने, याच डिलेनीला बरोबर घेऊन, ते करून दाखविले होते.

तथापि १९ जूनची परिस्थिती आणि २ सप्टेंबरची परिस्थिती यांत एक भेद आहे, आणि तो निर्णायक आहे. जूनमध्ये इंजिन मरत होते, जळत नव्हते. जळत्या इंजिनामागे इंधनाच्या टाक्या असलेले विमान पाण्यापर्यंत नेणे म्हणजे ते वाटेत फुटणार नाही यावर तिघांचे प्राण पणाला लावणे. तेव्हा सर्व वाद आग होती की नव्हती येथे येऊन ठेपतो. त्या बाबतीत एका बाजूस चोवीस-अठ्ठेचाळीस तासांतील दोन स्वतंत्र कागद आहेत, आणि दुसऱ्या बाजूस चव्वेचाळीस वर्षांनंतरची एका प्रामाणिक साक्षीदाराची आठवण. प्रामाणिकपणा आणि विश्वसनीयता या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्या साक्षीदाराने जे पाहिले ते काही सेकंदांचे. त्या सेकंदांपूर्वी व नंतर काय झाले हे त्याला दिसणे शक्य नव्हते, कारण तुकडीनायकाचे विमान त्या वेळी स्वतःच तोफांच्या माऱ्यातून वळत होते. प्रस्तुत लेखकाचे मत अहवाल व पत्र यांच्या बाजूचे आहे. तरी अहवालाविषयीही एक सावधगिरी राखली पाहिजे. मृतांच्या घरी जे कळवावयाचे असते त्याची छाया अशा कागदांवर कधी कधी पडते, आणि दुसऱ्या मनुष्याने निदान उडी तरी टाकली हे वाक्य त्या घरांस थोडेसे सांत्वन देणारे होते. म्हणून दुसऱ्या उडीची नोंद आगीच्या नोंदीइतकी भक्कम मानता येत नाही. आग पत्रातही आहे, उडी नाही.

या तीन कथनांभोवती कालांतराने जी भर पडली तिचे दोन नमुने विद्यार्थ्यांनी अवश्य पाहावेत. बुश हे नौदलातील सर्वांत लहान वयाचे वैमानिक होते, असे अनेक वर्षे छापले जात असे. ते सर्वांत लहानांपैकी एक होते एवढेच खरे. त्याच वर्षी काही आठवड्यांनी पंख मिळविलेला दुसरा एक तरुण त्या वेळी त्यांच्याहून काही दिवसांनी लहान होता, असे पुढे आढळले. दुसरा नमुना अधिक गंभीर आहे. चिचीजिमावर पकडल्या गेलेल्या अमेरिकी वैमानिकांना तेथील जपानी अधिकाऱ्यांनी ठार केले आणि काहींचे मांस खाल्ले. १९४६ साली ग्वाम येथे या प्रकरणी खटले चालले, आणि जनरल ताचिबाना योशिओ व इतर काहींना १९४७ मध्ये फाशी झाली. हे सर्व न्यायालयीन दप्तरात आहे. परंतु लोकप्रिय कथनांत ‘नऊ वैमानिक पडले, आठ मारले गेले, एक बुश वाचले’ असे वाक्य आढळते, आणि ते वाचणाऱ्यास सर्व एकाच दिवशी पडले असे वाटते. वास्तविक त्या आठांपैकी एक जण जुलै १९४४ मध्येच पकडला गेला होता, आणि बहुतेक फेब्रुवारी १९४५ मधील हल्ल्यांत सापडले. त्या वेळी बुश मायदेशी परतून लग्न करून मोकळे झाले होते. पाणबुडी आली नसती तर काय झाले असते, याची कल्पना या खटल्यांवरून येते हे खरे. मात्र २ सप्टेंबरच्या घटनेचा पुरावा म्हणून ते वापरता येत नाहीत.

फिनबॅकवरून उतरल्यावर बुश नोव्हेंबरमध्ये सॅन हॅसिंटोवर परत गेले, आणि तुकडी बदलून परत पाठविली जाईपर्यंत फिलिपाइन्सच्या मोहिमेत त्यांनी भाग घेतला. डिसेंबर १९४४ मध्ये ते घरी आले. एकंदर ५८ युद्ध-उड्डाणे, जहाजावर १२६ उतरणी आणि १,२२८ तास हवेत, असा त्यांचा हिशेब आहे. चिचीजिमावरील हल्ल्याबद्दल त्यांना विशेष उड्डाणशौर्याचा क्रॉस मिळाला. नंतरचे महिने नव्या पाणतीर-वैमानिकांच्या शिक्षणात गेले, म्हणजे व्यवस्थेने ज्या रीतीने त्यांना घडविले त्याच रीतीने त्यांचा पुन्हा उपयोग करून घेतला. सप्टेंबर १९४५ मध्ये त्यांना सेवामुक्त करण्यात आले व ते येल विद्यापीठात दाखल झाले.

त्या दोघांसाठी आपण पुरेसे केले का, हा विचार मनातून गेला नाही, असे त्यांनी उतारवयातील मुलाखतींत सांगितले आहे. जून २००२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, ते चिचीजिमास गेले आणि होडीतून समुद्रात जाऊन त्यांनी पुष्पचक्रे सोडली. डिलेनी व व्हाइट यांचे देह मिळाले नाहीत. त्या सकाळी वैमानिकामागून विमानाबाहेर पडलेला मनुष्य, जर कोणी पडला असेल तर, त्या दोघांपैकी कोण होता याचा उल्लेख कोणत्याही कागदात नाही.